तांब्याची एक कडी आणि तुमच्या फलकावरची एक ओळ

प्रति,
रेल्वेची संग्रहालयं, वारसा-दालनं आणि वर्कशॉपांमधली प्रदर्शनं ज्यांच्या देखरेखीखाली उभी राहतात, त्या सर्व अधिकाऱ्यांना

स. न. वि. वि.

मागच्या हिवाळ्यात तुमच्यापैकीच कुणीतरी मांडलेलं एक प्रदर्शन पाहिलं. कुठलं ते लिहीत नाही, कारण माझी तक्रार त्या एका दालनापुरती नाही. वाफेच्या इंजिनाचं छोटं मॉडेल, पितळी घंटा, गार्डाचा कंदील, पुठ्ठ्याची तिकिटं, सगळं पुसून-घासून छान मांडलं होतं. शाळेची मुलं इंजिनाच्या शिट्टीचं बटण पुन्हा पुन्हा दाबत होती. भिंतीवर वर्कशॉपच्या इतिहासाचा लांबलचक फलक होता. इमारत कधी बांधली, क्रेन कधी आली, पहिला हिंदी अधिकारी कधी नेमला, सगळं तारीखवार. दुसऱ्या महायुद्धाच्या वाट्याला त्यात एक ओळ आली होती. युद्धकाळात इथे युद्धसाहित्य तयार झालं आणि कारखान्याने मोलाचं योगदान दिलं, अशा अर्थाची. त्याखालची ओळ थेट १९४७ ची.

त्या एका ओळीत माझे आजोबा आहेत. ते मुंबईतल्या एका रेल्वे वर्कशॉपमध्ये टर्नर होते, म्हणजे लेथ या यंत्रावर धातू कातणारे कारागीर. त्या ओळीबद्दल चार गोष्टी सांगायच्या आहेत, म्हणून हे पत्र.

आधी एक वस्तू सांगतो. आमच्या घरी तांब्याची एक कडी आहे. बांगडीपेक्षा बरीच जाड, आतून नऊ सेंटीमीटरला थोडी कमी, बाहेरून एका जागी केसाएवढी चीर. आजी ती आडणी म्हणून वापरायची. तुपाची गोल बुडाची लोटी तिच्यावर ठेवली की कलंडत नसे. आजी दर शनिवारी चिंचेने घासायची, त्यामुळे कडीचे कंगोरे आता गुळगुळीत झालेत. दहा वर्षांचा होईपर्यंत ती आडणीच आहे अशी माझी समजूत होती.

डिसेंबर १९७१ मध्ये मुंबईत ब्लॅकआउट सुरू झाला. चाळीत सगळ्यांनी काचांना काळे कागद लावले, आणि भोंगा झाला की दिवे घालवून जिन्याखाली जाऊन बसायचं. आम्हा पोरांना ती जत्राच वाटायची. अशाच एका रात्री अंधारात आजोबांनी लोटी उचलून बाजूला ठेवली, कडी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ही काय आहे म्हाईत हाय? गोळ्याचा पट्टा. पंचवीस पौंडी."

ती वर्कशॉपच्या फाटकाबाहेर कशी आली, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. आजीचं म्हणणं, मिस्त्रीने रिजेक्ट माल म्हणून दिली. वडिलांचं म्हणणं, डब्यात भाताखाली दडवून आणली, कारण फाटकावर झडती व्हायची आणि मिस्त्रीच्या बापाचीही कुणाला काही द्यायची टाप नव्हती. आजोबांना विचारलं तर ते हसायचे. मी स्वतः आयटीआयमध्ये तीस वर्षं टर्नरचा ट्रेड शिकवला आहे, त्या अनुभवावरून माझं मत वडिलांच्या बाजूने आहे.

तर ही कडी काय करते? तोफेच्या नळीला आतून पेचदार खाचा असतात. गोळा पोलादाचा, तो त्या खाचांत बसणार नाही. म्हणून गोळ्याच्या बुडाकडे एक पन्हळ कापतात, तिच्या तळाशी नागमोडी उंचवटे ठेवतात, आणि तांब्याची कडी त्या पन्हळीवर सरकवून प्रेसखाली चारी बाजूंनी आवळतात. नागमोडी उंचवट्यांमुळे कडी जागेवर फिरत नाही, घट्ट धरून बसते. तोफ उडाली की मऊ तांबं नळीच्या पेचात चावलं जातं आणि गोळा भोवऱ्यासारखा गरगरत बाहेर पडतो. कडी नसेल तर गोळा हवेत कोलांट्या खाईल आणि कुठे पडेल ते देवालाच ठाऊक.

त्याआधीचं काम मोठं. पोलादाच्या दांड्याचा तुकडा भट्टीत लाल करून प्रेसखाली घातला की आतून पोकळ होतो, जाड बुडाच्या पेल्यासारखा. तो गार झाला की लेथवर येतो. बाहेरून खरडायचा, आतून साफ करायचा. तोंडाकडची बाजू पुन्हा तापवून निमुळती करायची, तिथे फ्यूज, म्हणजे गोळा पेटवणारी कळ, बसवायला आटे पाडायचे. बुडाला वेगळी पोलादी चकती बसवायची. का, तर मूळ पोलादात बारीकशी पोकळी राहिली असेल तर तोफेतला जाळ तिच्यातून आत शिरेल आणि गोळा नळीतच फुटेल. म्हणजे ती चकती तोफेमागे उभ्या असलेल्या माणसांसाठी. मग वजन, मग गेज. गेज दोन असतात, गो आणि नो-गो. एक गेलंच पाहिजे, दुसरं जाताच कामा नये. दोन्ही गेली किंवा दोन्ही अडली की गोळा बाजूच्या ढिगात.

हे सगळं तुमच्या फलकावर लिहा असं मी म्हणत नाही. पण रेल्वेच्याच वर्कशॉपांना हे काम का दिलं, ते कुठेतरी सांगायला हवं. देशात तेव्हा लेथ, भट्ट्या, ओतशाळा, ड्रॉइंग ऑफिस, वीज आणि दारात माल चढवा-उतरवायला स्वतःची सायडिंग (बाजूचा रूळ) एका आवारात असलेली ठिकाणं फार नव्हती. रेल्वेकडे ती होती, आणि मुख्य म्हणजे शिकलेले हात होते. पहिल्या महायुद्धातही हेच झालं. आधी रेल्वेच्या वर्कशॉपांमधून गोळ्यांची कवचं काढायला सुरुवात झाली, आणि फेब्रुवारी १९१७ मध्ये टॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखाली इंडियन म्युनिशन्स बोर्ड, म्हणजे युद्धसाहित्याचं सरकारी मंडळ, बसलं. त्याच काळात आपल्याकडची मीटर गेज इंजिनं आणि रूळ बोटींत भरून बसऱ्याला गेले, मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) रेल्वे टाकायला. आमच्या कोकणात आणि तिकडे साताऱ्यात कितीतरी गावांत अजून एक दगडी पाटी दिसते : या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतके परत आले नाहीत. बसऱ्याला गेलेल्या शिपायाची अशी पाटी आहे. त्याच्यासाठी रूळ आणि गोळे तयार करणाऱ्याची मी तरी अजून पाहिलेली नाही.

आजोबांना त्या कामाचा राग होता, पण तो युद्धाचा नव्हता, निदान सुरुवातीला तरी. तो कारागिराचा राग होता. वर्कशॉपमध्ये इंजिनाचं काम म्हणजे बसवाबसवीचं काम. प्रत्येक इंजिनाची झीज वेगळी, म्हणून प्रत्येक भाग त्या इंजिनापुरता घ्यायचा, घासायचा, बसवून बघायचा. कुठे सूतभर इकडेतिकडे चालून जाई, कुठे थाऊचा, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाचा हिशोब. कुठे काय चालतं हे ज्याला कळतं तो कारागीर. गोळ्यात तसलं काही नाही. दहा हजार गोळे काढले तरी दहा हजारही सारखे. एका माणसाने दिवसभर फक्त पन्हळ कापायची, दुसऱ्याने फक्त आटे पाडायचे. आजोबा म्हणायचे, तीन महिन्यांत शिकलेला पोरगा आणि मी, दोघांच्या कामात फरक दिसेनासा झाला. आणि आणखी एक म्हणायचे : इंजिनाला नंबर असतो, ते चार-पाच वर्षांनी फिरून आपल्याच खात्यात येतं. आपण बसवलेला बुश आपल्याला ओळखू येतो. गोळा परत येत नाही.

गोळे वर्कशॉपमधून रिकामेच निघत. त्यात स्फोटक भरायचं काम दारूगोळा कारखान्यांचं; खडकीचा असा कारखाना १८६९ पासूनचा. म्हणजे आजोबांनी वर्षानुवर्षं गोळे काढले, पण फुटलेला गोळा कधी पाहिला नाही. त्यांच्या दृष्टीने ती जड बाटल्यांसारखी चीज होती.

मग १४ एप्रिल १९४४ आला. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन ही बोट लागली होती. तिच्यात कापसाच्या गासड्या, सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि सोन्याच्या विटा असा माल एकत्र भरलेला. आग लागली, आणि दुपारी चारनंतर लागोपाठ दोन प्रचंड स्फोट झाले. आजोबा लेथवर होते. ते सांगायचे, आधी पायाखालची फरशी हलली, मग आवाज आला, मग छतातल्या काचांचा पाऊस. सगळ्यांना वाटलं जपान्यांनी बॉम्ब टाकला. संध्याकाळी ते चालत मशीद बंदराच्या बाजूला गेले. चुलतभाऊ गोदीत होता. पुढे जाऊ देत नव्हते. पण रस्त्यात त्यांनी जे पाहिलं ते त्यांनी मला सांगितलं तेव्हा माझं वय दहा होतं आणि सांगायला नको होतं. एवढंच लिहितो की एका हातगाडीच्या लाकडात पोलादाचा एक तुकडा घुसलेला होता, वळून कागदासारखा झालेला, आणि त्याच्या एका कडेला त्यांना आटे दिसले. मशीनवर पाडलेले, स्वच्छ आटे. बोटीचाच कुठला तरी भाग असेल. पण टर्नर माणूस, आटे पाहिले की त्याला लेथ आठवतो.

पंचवीस पौंडी गोळा भरल्यावर अकरा किलोंच्या वर भरतो. त्यात स्फोटक किलोभरसुद्धा नसतं. उरलेलं सगळं पोलाद. स्फोटक फक्त फोडतं; मारतात ते पोलादाचे तुकडे. म्हणजे गोळ्यातला मारणारा भाग दारूगोळा कारखान्यातला नसतो, लेथवरचा असतो. हे आजोबांना त्या संध्याकाळी समजलं, असं मी म्हणतो. ते स्वतः असं काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते पाळीला गेले.

चुलतभाऊ तिसऱ्या दिवशी सुखरूप घरी आला, हेही लिहून टाकतो, नाहीतर वाचणारा उगाच अडकून राहील.

आता तुमच्या त्या शब्दाकडे येतो. योगदान. आपल्या मराठीत योगदान माणूस आपण होऊन देतो. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉयने इथल्या कुणालाही न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचं जाहीर केलं. महिन्याभरात, २ ऑक्टोबरला, मुंबईच्या सुमारे ९० हजार गिरणी कामगारांनी युद्धाच्या विरोधात एक दिवसाचा संप केला. परळ-लालबागमध्ये हे सगळं एकाच रस्त्यावर चाललेलं. १९४१ च्या वटहुकमाने अत्यावश्यक सेवेतल्या माणसाला परवानगीशिवाय नोकरी सोडणं हाच गुन्हा ठरला. ज्याला सोडून जायची मुभा नाही, त्याने दिलेल्या घामाला योगदान म्हणणं म्हणजे जप्त केलेल्या बैलाला देणगी म्हणण्यासारखं आहे.

पण मी उलट टोकालाही जाणार नाही. सगळे बिचारे, सगळे वेठीला धरलेले, असं चित्र काढलं तर तेही खोटंच. नोकरी पक्की होती, ओव्हरटाइम होता, आणि रेल्वेच्या ग्रेनशॉपमध्ये धान्य बाजारभावापेक्षा स्वस्त मिळायचं. आजी त्या तांदळाला नावं ठेवायची, वास येतो म्हणायची, आणि तोच तांदूळ आणायला भल्या पहाटे पिशवी घेऊन रांगेत उभी राहायची. मुंबईत १९४३ च्या मे महिन्यात रेशनिंग सुरू झालं तेव्हा चाळीतल्या गिरणीवाल्यांना आमचा हेवा वाटायचा. शिवाय हिटलर आणि जपान जिंकले तर काय, हा प्रश्नही खोटा नव्हता. रशियावर हल्ला झाल्यावर लाल बावट्याची मंडळी याच युद्धाला लोकयुद्ध म्हणू लागली, आणि युनियनमध्ये त्यावरून डोकी फुटायची वेळ आली.

आमच्या खोलीत तर दोन्ही बाजू राहत होत्या. आजोबांचा धाकटा भाऊ ९ ऑगस्ट १९४२ नंतर भूमिगतांची पत्रकं वाटायचा. त्याची पिशवी आणि आजोबांचा डबा एकाच खुंटीला. एकाच्या पिशवीत 'चले जाव', दुसऱ्याच्या डब्यात, वडिलांचं ऐकायचं तर, सरकारी तांबं. रात्री दोघं एका ताटलीतलं लोणचं खायचे आणि एकमेकांच्या कामाबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत. आजी म्हणायची, दोघांपैकी कोण आधी आत जातो एवढीच मला काळजी. कुणीच गेलं नाही.

महागाई भत्ता हा शब्द आज प्रत्येक सरकारी कर्मचाऱ्याच्या तोंडी आहे. वर्षातून दोनदा वर्तमानपत्रात त्याची बातमी येते. रेल्वेत त्या शब्दामागे याच युद्धातलं भांडण आहे. युद्ध सुरू होताच भाव चढले. जी.आय.पी. रेल्वेच्या (आजच्या मध्य रेल्वेच्या) कामगारांनी भत्ता मागितला, आणि १९४० मध्ये न्यायमूर्ती बी. एन. राव यांचं चौकशी न्यायालय बसलं. गरिबाच्या घरी तांदूळ, डाळ, रॉकेल, कापड किती लागतं आणि त्याचे भाव किती चढले, याचा खल तिथे झाला. हेच राव पुढे संविधान सभेचे सल्लागार झाले. तुमच्या दालनात इंजिनाच्या बॉयलरचं छेदचित्र असतं. त्या शेजारी वर्कशॉपातल्या एका खलाशाच्या, म्हणजे मदतनिसाच्या, घरखर्चाचं छेदचित्र ठेवायला काय हरकत आहे? मुलांना ते बॉयलरपेक्षा लवकर कळेल.

तासांचंही असंच. १९३४ च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याचे ५४ तास होते. १९४६ च्या दुरुस्तीने ते ४८ झाले. जुलै १९४२ पासून व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. कारागीर तयार करण्याची युद्धकाळातली योजना याच खात्याची, आणि बेव्हिन योजनेखाली इथली पोरं इंग्लंडला मशीन शिकायला गेली तीही त्याच वर्षांत. मी ज्या आयटीआयमध्ये उमेदीची वर्षं घालवली, तिची मुळं शोधत गेलं तर १९५० च्या कारागीर प्रशिक्षण योजनेमागे या युद्धातले वर्ग उभे दिसतात.

बाबासाहेबांचं नाव आलं तर आणखी एक, आणि हे मला सगळ्यात अवघड जातंय. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांचं वाक्य तिथलं, ते सगळ्यांना माहीत असतं. त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतल्या जागांचा हिशोबही मांडला होता : आपला माणूस गँगमन (रुळांच्या देखभालीचा मजूर) म्हणून लागतो आणि गँगमनच राहतो, वर्कशॉपमध्ये तो हमाल असतो, मेकॅनिक किंवा मिस्त्री झालेला क्वचितच दिसतो.

आजोबांच्या लेथशेजारी असाच एक माणूस होता. बिगारी. पोलादाचे तुकडे लेथवर चढवायचे, तयार गोळा उतरवून गाड्यावर ठेवायचा, छिलके झाडायचे, साबणाच्या पाण्याची बादली भरायची. त्यांचं नाव मला माहीत आहे, पण त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय इथे लिहिणार नाही. छताला लांबच लांब शाफ्ट, त्यावरून खाली उतरलेले चामडी पट्टे, आणि पट्टा एका पुलीवरून दुसरीवर सरकवायचा दांडा; या दांड्याला त्यांनी हात लावायचा नाही असा कुठे लेखी नियम नव्हता. लावत नव्हते एवढंच. १९४२-४३ मध्ये पाळ्या वाढल्या, माणसं कमी पडू लागली. रात्रपाळीला दोन-अडीचच्या सुमारास आजोबांचे डोळे मिटू लागले की ते बाजूच्या लाकडी खोक्यावर बसायचे आणि तो माणूस लेथवर उभा राहायचा. बघून बघून शिकलेला. पन्हळ कापायचा. आजोबा म्हणाले, "त्याचा एक पण गोळा गेजवर नापास झाला न्हाय. माझे व्हायचे." सकाळी हजेरीत सगळे गोळे आजोबांच्या टोकन नंबरवर लागायचे. ओव्हरटाइमही. तो माणूस बिगारी म्हणूनच निवृत्त झाला.

मी विचारलं होतं, तुम्ही कुणाला सांगितलं का नाही? आजोबांनी कडी माझ्या हातातून काढून घेतली, तिच्यावर लोटी ठेवली आणि झोपायला गेले.

तुमच्याकडे या काळाच्या उत्पादनाचे आकडे कुठे असतीलच, तर त्या आकड्यांत हा माणूस नाही. तो कुठल्याही रजिस्टरात सापडणार नाही. काही वर्षांपूर्वी मी आजोबांच्या सर्व्हिस शीटसाठी एका कार्यालयात अर्ज केला. दोन स्मरणपत्रांनंतर उत्तर आलं की जतन करण्याची मुदत संपल्याने जुने कागद काढून टाकले आहेत. त्या कारकुनाला मी दोष देत नाही. नियम होता, त्याने पाळला. पण कागद गेले म्हणजे माणसांच्या आठवणींखेरीज हाती काही उरलं नाही, आणि ज्यांनी तेव्हा लेथ चालवला त्यांच्यापैकी आता कोण असणार? त्यांची मुलंच सत्तरी-ऐंशीत आहेत.

बाहेरदेशी हे कसं केलंय, ते तुम्ही माझ्याहून जास्त जाणता. इंग्लंडात स्विंडनच्या जुन्या रेल्वे वर्कशॉपमध्येच २००० साली संग्रहालय उघडलं आणि तिथे युद्धात लेथवर उभ्या राहिलेल्या बायकांना जागा मिळाली. तिथल्याच क्रूच्या रेल्वे वर्कशॉपने कव्हेनंटर रणगाडे काढले, हॉरिचने मटिल्डा. कॅनडात माँट्रिअलच्या अँगस शॉप्स या रेल्वे वर्कशॉपमध्ये व्हॅलेंटाइन रणगाडे तयार झाले आणि त्यातले बहुतेक रशियाला गेले. ऑस्ट्रेलियाचा सेंटिनेल रणगाडा चुलोराच्या रेल्वे वर्कशॉपांपाशी उभा राहिला. हे सगळं मी कौतुकाने वाचतो. पण तिकडची सरकारं तिथल्या लोकांनी निवडलेली होती, ही गोष्ट विसरून तिकडचा फलक जसाच्या तसा इथे उतरवला की तो आपल्या भिंतीवर उपरा दिसतो.

आणि या कामाची किंमत रेल्वेनेही मोजली आहे, ते तर तुमच्याच घरचं दुखणं. लेथ गोळ्यांना लागले की इंजिनाची दुरुस्ती थांबते. पहिल्या युद्धानंतर इथल्या रेल्वेची चौकशी करणाऱ्या अ‍ॅकवर्थ समितीने १९२१ मध्ये जे लिहिलं ते वाचवत नाही : बदलायची वेळ केव्हाच उलटून गेलेली शेकडो इंजिनं, हजारो वॅगन, गाड्यांचा भार न पेलणारे पूल. दुसऱ्या युद्धात तर पंचवीसहून जास्त शाखामार्ग उखडून त्यांचे रूळ परदेशी पाठवले. फाळणीच्या वेळी ज्या गाड्यांच्या टपांवर माणसं बसली होती त्या गाड्या सहा वर्षं पुरेशा दुरुस्तीविना पळालेल्या होत्या, हे आपण कधी त्या फोटोखाली लिहितो का?

मागणं फार नाही. तो फलक उतरवून ठेवा आणि पुन्हा लिहा. तुमच्या वर्कशॉपांमधल्या निवृत्तांच्या संघटनांना एक परिपत्रक काढा, की बापाच्या-आजाच्या वेळचं टोकन, ग्रेनशॉपचं कार्ड, गेज, पगाराची पावती, फोटो, जे असेल ते आणा, आम्ही फोटो काढून परत देऊ. परत देऊ हे मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर कुणी येणार नाही. रेल्वेला दिलेली वस्तू परत येते यावर कामगाराच्या घरात फारसा विश्वास नाही. आणि 'हे तुमच्याकडे कसं आलं' असं कुणाला विचारू नका. ऐंशी वर्षं झाली. झडती संपली.

आमची कडी मी तुम्हाला द्यायला तयार आहे. अट एकच, तिच्याखालची चिठ्ठी मी सांगतो तशी लावायची :

'तांब्याचा पट्टा, पंचवीस पौंडी तोफगोळ्याचा. चीर असल्यामुळे तपासणीत नापास. त्यानंतर घरात तुपाच्या लोटीची आडणी. हा पट्टा ज्या गोळ्यावर चढायचा होता, त्याची पन्हळ कापणारा लेथ दिवसा टर्नर चालवीत असे आणि रात्री बिगारी.'

बिगाऱ्याचं नाव त्यांच्या नातवाने परवानगी दिली की कळवीन. पत्ता मिळाला आहे, ते कल्याणला राहतात. पुढच्या रविवारी जाणार आहे. कडीही दाखवायला नेईन म्हणतो, पण लोटी रिकामी झाल्याशिवाय आई ती हलवू देत नाही.

आपला,
एका टर्नरचा नातू
(स्वतःही टर्नर, निवृत्त)